भिशी

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास मी रूमवरनं निघते. पर्समध्ये ५०० ची नोट, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत एखादा ब्लाऊजपीस. गावाकडनं आईचा फोन आलाच तर सांगते की भिशीला चाललेय, आणि ते खोटं नसतंच, भिशी आहेच, ११ जणींची, ५०० रुपये महिना, साडेपाच हजार उचल. त्या भिशीत अजून काय काय होतं ते मात्र आईला कधी सांगितलं नाही. आज इथं लिहितेय. भिशी चालवणाऱ्या काकींना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, लिही, पण नावं घालू नको, आणि मापं पण जरा इकडंतिकडं कर. त्या टेलर आहेत, त्यांचं बोलणं तसंच असतं.

दुकान सांगलीत, गावभागात. शटर उघडलं की समोर कटिंगचं टेबल, डाव्या हाताला दोन मशिनी, भिंतीला खिळ्यावर लटकवलेल्या तयार ब्लाऊजच्या पिशव्या, प्रत्येकीवर खडूनं तारीख. मागं पडदा, पडद्यामागं लाकडी जिना आणि वर माळा. मी पहिल्यांदा गेले ते २०१६ च्या मे महिन्यात, चुलत बहिणीचं लग्न होतं म्हणून. मी मूळची तासगाव तालुक्यातली, घरची द्राक्षबाग आहे, आणि नोकरीला मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी विश्रामबागेतल्या रूमवर येऊन भात टाकायचा, असं चाललेलं.

काकी माप घेत होत्या. खांदा, छाती, उंची, एकेक आकडा वहीत लिहीत होत्या आणि वर न बघता विचारलं, लग्न कुणाचं गं? चुलत बहिणीचं. आणि तुझं? मी म्हणलं, मला करायचं नाही. हे वाक्य मी तोवर शंभरेक वेळा तरी बोलले असेन आणि प्रत्येक वेळी मागनं पुढचा प्रश्न यायचाच, का, कुणी फसवलं का, तब्येतीचं काही आहे का, अजून शिकायचंय का. काकींनी नाही विचारलं. दंडाला टेप गुंडाळली, साडेअकरा आलं, सोडली, परत एकदा गुंडाळली, आणि टेप तशीच धरून म्हणाल्या, रविवारी ये की, आमची भिशी आहे. मला वाटलं ग्राहक टिकवायची पद्धत असेल. पण ती टेप त्यांनी जरा जास्तच वेळ धरली होती, एवढं मला कळलं होतं, आणि रविवारी मी गेले.

पाच-सहा जणी आधीच बसल्या होत्या, शटर अर्ध्यावर ओढलेलं, खाली सतरंजी, मधी कागदावर ओतलेलं भडंग, त्यावर कांदा-कोथिंबीर. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही. एकीनं सरकून जागा केली आणि काकींना विचारलं, आपल्यातली आहे का? काकी म्हणाल्या, असेल, बसू दे. एवढंच. मला आपल्यातली या शब्दाचा अर्थ त्या क्षणी पुरता लागला नाही पण पोटात काहीतरी हललं. पेपरात आमच्यासाठी समलिंगी असा शब्द येतो, इंग्लिशमध्ये लेस्बियन, क्विअर, असे बरेच आहेत, मुंबईत तर १९९५ पासून स्त्री संगम नावानं बायकांचा गट काम करत होता, हे सगळं मला नंतर वाचून कळलं. पण ज्या शब्दानं मी स्वतःला पहिल्यांदा ओळखलं तो हा, आपल्यातली. तो मला सतरंजीवर मिळाला.

आता जागेबद्दल बोलायला पाहिजे, कारण त्याशिवाय हे कळायचं नाही.

आमच्यासारख्याच पुरुषांना सांगलीत काय सुखाचं आयुष्य आहे असं मी म्हणत नाही, त्यांनी मार खाल्लाय, ब्लॅकमेल सोसलंय, मला माहितीय. पण त्यांना निदान बाहेर उभं तरी राहता येतं. कृष्णेचा घाट आहे, स्टेशनचा फलाट आहे, पानपट्टी आहे. आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून पुरुष तासभर पाणी बघत राहिला तर कोण विचारत नाही. बाईनं उभं राहून बघावं, दहा मिनिटांत कुणीतरी गाडी थांबवून विचारतंय, काय झालं ताई, घरी जावा. त्यांचं चुकतं असंही नाही, काळजीनं विचारतात, पण बाईला नुसतं असायला जागा नाही हे खरंच आहे. तिच्या हातात काहीतरी काम पाहिजे. भाजीची पिशवी, रेशनची पिशवी, शाळेतलं पोर. हळदीकुंकवाला बायका जमतात, पण तिथं मी वाण घेऊन भिंतीला बसायची आणि निघताना ऐकायची, पुढच्या वर्षी जोडीनं ये हं. ज्यांचा नवरा गेलाय त्यांना तर अजून कितीतरी घरांतनं बोलवणंच नसतं.

माझी आजी सांगायची, जात्याला दोघी लागतात. पहाटे समोरासमोर बसून खुंटा धरायचा आणि जे दिवसा बोलता येत नाही ते ओवीत घालून गायचं, सासू झोपेत ऐकत असली तरी तिला वाटायचं दळण चाललंय. अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतनं अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात. मी तो आकडा वाचला तेव्हा मला आधी त्या जोड्या डोळ्यांसमोर आल्या, एका खुंट्यावर दोन हात, गुडघ्याला गुडघा. त्यातल्या सगळ्याच काही नणंदा-भावजया नसणार. गिरणी आली, जातं गेलं, कष्ट वाचले ते चांगलंच झालं, पण ती समोरासमोर बसायची जागा पण गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही.

ब्लाऊज शिवायला मात्र बाई कधीही, कुठंही जाऊ शकते. नवरा विचारत नाही, सासू विचारत नाही. काखेत घट्ट होतोय म्हणून परत गेली तरी चालतं. म्हणून आमची प्रत्येकीची पिशवी.

काकींना ही अक्कल कुठनं आली ते त्या सांगतात. गोकुळनगरातल्या धंदा करणाऱ्या बायका त्यांच्याकडं कपडे शिवायला टाकायच्या, बाकीचे टेलर त्यांची मापं घ्यायला नको म्हणायचे, नुसता जुना ब्लाऊज मापाला ठेवून जा म्हणायचे. काकी हात लावून माप घ्यायच्या. त्या बायका बोलायच्या. सांगलीत १९९२ ला त्यांच्यासोबत काम करणारी संग्राम संस्था सुरू झाली आणि १९९६ ला या बायकांनीच स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली, पुढं पुरुष आणि ट्रान्सजेंडर सेक्स वर्करांची मुस्कान आली. आपलं शहर नाट्यपंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं, त्यातली सीता पुरुषच होता आणि त्याचं कुणाला वावगं वाटलं नाही, दर ५ नोव्हेंबरला त्याचा केवढा अभिमान असतो आपल्याला. पण माझ्या मते या शहरात स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडानं, कुणाची परवानगी न मागता सांगायला पहिल्यांदा कोण बसलं असेल तर त्या गोकुळनगरच्या बायका. काकी म्हणतात, त्या गोल करून बसायच्या आणि एकेक बोलायची, मी बटणं लावत ऐकायचे, आणि मला वाटायचं आपण कधी बसणार असं.

तर आमची पद्धत. स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या. जिची निघाली तिची त्या महिन्याची उचल, आणि जिची निघाली तिनं त्या दिवशी गोष्ट सांगायची. हा नियम कुणी केला आठवत नाही, मी आले तेव्हा होताच. भिशीचं बरं असतं, एकदा नाव निघालं की ते वर्षभर परत निघत नाही आणि राहिलेल्याचं कधी ना कधी निघतंच. बडबडी असो की मुकी, प्रत्येकीला एक रविवार.

आणि सगळ्याजणी गोष्ट सांगायच्या ती एका बाईची. माझी म्हणून कुणी सांगायचं नाही. एक बाई होती, असं सुरू करायचं.

जतकडच्या एकीची गोष्ट अजून माझ्या कानात आहे. दोन पोरं, नवरा ट्रकवर, आणि ती दर सीझनला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. म्हणाली, एक बाई होती, बेदाणा निवडायची, तिच्या समोर दुसरी बाई बसायची, मधी ढीग. काड्या वेगळ्या, काळा पडलेला दाणा वेगळा, हिरवा वेगळा. दिवसभर मान खाली. बोटं चिकट व्हायची, इतकी की दोन बोटं एकमेकाला लागली तर सोडवताना आवाज यायचा. त्या दुसरीनं एक दिवस ढिगातनं हात पुढं केला, दाणा उचलायला म्हणून, आणि हिच्या बोटाला तिचं बोट चिकटलं, आणि दोघींनी सोडवलं नाही. मुकादम हाक मारेपर्यंत. एवढीच गोष्ट. पुढं काय झालं कुणीतरी विचारलं तर म्हणाली, सीझन संपला, ती तिच्या गावाला गेली आणि मी माझ्या गावाला आलो.

आमच्याकडं जुन्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात, पुण्याची माणसं हसतात त्याला. पण त्या दिवशी तो आलो ऐकून कुणी हसलं नाही, कारण एक बाई होती म्हणून सुरू झालेली गोष्ट तिच्या नकळत तिची स्वतःची झाली होती आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणी काही बोललं नाही. एकीनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

माझी चिठ्ठी त्या फेरीत शेवटपर्यंत निघालीच नाही. दहा महिने मी ऐकत बसले. अकराव्या महिन्यात डबा उघडायचीही गरज नव्हती, एकच नाव उरलेलं, महिनाभर आधीपासून माहिती की आता मीच. तो अख्खा महिना मी लॅबमध्ये स्लाइड बघता बघता वाक्यं जुळवायचे. एक मुलगी होती, होस्टेलला राहायची, तिची रूममेट होती, रूममेटचं लग्न ठरलं. सगळं ती-ती करत पाठ केलेलं. आणि सांगताना रूममेटच्या हळदीपर्यंत आले, ती मुलगी गेली, तिनं हळद लावली, मग बाहेर आली आणि टँकरच्या मागं उभी राहून रडले. रडली म्हणायचं होतं. रडले म्हणाले. ली चं ले झालं, एका मात्रेचा फरक, आणि त्या मात्रेला मला १२ वर्षं लागली होती. पुढचं सगळं मग मी मीच म्हणून सांगितलं, भराभरा, नाक ओढत, भडंगाचा कागद चुरगाळत.

मी तोवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं असं नाही. फोनवर अनोळखी लोकांशी चॅट केलेलं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. त्यानं जीव तगला, मी ते नाकारणार नाही, आणि आज ज्या पोरी गावात एकट्या आहेत त्यांना तेवढाच आधार आहे. पण स्क्रीनवर टाइप करताना मी कधी चुकले नाही. ली चं ले व्हायला तोंडानं बोलावं लागतं आणि समोर माणसं लागतात, श्वास घेणारी, ज्यांच्यातल्या एकीला त्याच वेळी ठसका लागलाय.

काकींची गोष्ट आम्ही फार उशिरा ऐकली. भिशी चालवणारीची पहिली उचल, त्यामुळं त्यांची चिठ्ठी कधी डब्यात पडायचीच नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला आणि त्या महिन्याच्या भिशीला, ३० तारखेला, एकीनं विचारलं, म्हणजे आता नक्की काय झालं? मी वाचलेलं सांगत होते, की दोन सज्ञान माणसांचं संमतीनं असलेलं नातं आता गुन्हा नाही. त्यावर ती म्हणाली, पण माझ्या भावानं माझ्यावर ३७७ कुठं लावलेलं, त्यानं तर हरवल्याची तक्रार दिली होती. खरं होतं ते. मुली पळून एकत्र राहिल्या की घरचे हरवल्याची नाहीतर पळवून नेल्याची तक्रार देतात आणि पोलीस शोधून घरी आणून सोडतात, त्या कायद्याला कुणी हात लावलेला नव्हता. सगळ्या गप्प झाल्या, आणि तेव्हा काकी उठल्या, एका कागदावर स्वतःचं नाव लिहून डब्यात टाकलं आणि लगेच तीच चिठ्ठी काढली.

एक बाई होती म्हणाल्या नाहीत. मी म्हणाल्या, पहिल्या शब्दापासून.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांची मैत्रीण नर्स होती. सगळे सिस्टर म्हणायचे तिला, आणि सिस्टर म्हणतात म्हणून शेजारीपाजारी काकींचीच बहीण समजायचे, दोघींनी ते तसंच राहू दिलं. २५ वर्षं, १९८६ ते २०११, एका घरात. १९८८ च्या सुरुवातीला सिस्टरनं वॉर्डातनं एक पेपर घडी करून आणला होता. भोपाळच्या दोन पोलीस कॉन्स्टेबल, लीला आणि उर्मिला, त्यांनी १९८७ च्या डिसेंबरात एकमेकींशी लग्न केलेलं आणि त्यापायी दोघींची नोकरी गेलेली. काकी म्हणाल्या, आम्ही ती बातमी रात्री कंदील लावून वाचली, लाइट होती तरी, का कुणास ठाऊक. नोकरी गेल्याचं वाईट वाटलं, पण जास्त हे वाटलं की अजून दोघी आहेत. भोपाळला आहेत. कात्रण त्यांनी मापाच्या वहीत ठेवलं, वही बदलली की नव्या वहीत.

२०११ ला सिस्टर गेल्या. पुतणे आले, बॉडी सही करून गावाला घेऊन गेले. काकी टेम्पोतनं मागनं गेल्या, शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाल्या, टेलर. घर सिस्टरच्या नावावर होतं, तेराव्यानंतर कुलूप लागलं. काकी शिलाई मशीन घेऊन दुकानाच्या माळ्यावर राहायला आल्या, अजून तिथंच आहेत. आणि मग म्हणाल्या, सात वर्षांत मला कुणी समाचाराला आलं नाही बघा, कारण माझं कोण गेलंय हे कुणाला माहितीच नव्हतं.

आम्ही त्या दिवशी रात्री नऊपर्यंत बसलो. समाचाराला बसतात तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकजण घरनं पिठलं-भाकरी करून घेऊन गेली.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विनला धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं, गावभागाचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. काकींना आदल्या रात्री मी माझ्या रूमवर आणलं होतं. पाणी उतरल्यावर गेलो तर शटरला बोटभर गाळ, आत कटिंग टेबल उलटं, लग्नसराईचे ब्लाऊज भिंतीला चिकटलेले. त्या दिवशी आम्ही सगळ्या पहिल्यांदा शटर पूर्ण उघडं टाकून एकत्र होतो, भर दिवसा, साड्या खोचून, खराटे घेऊन. समोरचा किराणावाला बघत होता, त्यानं विचारलं, या सगळ्या कोण हो काकी? काकी म्हणाल्या, माझी माणसं आहेत. मशीन आम्ही उलटी करून रॉकेलनं धुतली, चार दिवस तेल पाजलं, आणि ती चालली. वही नाही वाचली. उघडली तर पानांचा लगदा, आणि त्यात कुठंतरी ते कात्रण. काकींनी तो गोळा हातात धरला थोडा वेळ आणि गाळाच्या घमेल्यात ठेवला. त्यांनी विचारलं, लीला आणि कोण गं? आणि चार-पाच जणी एकदम म्हणाल्या, उर्मिला.

१७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाच्या हक्काचा निकाल आला, कोर्टानं नाही म्हणलं, संसदेचं काम आहे म्हणलं. मी लॅबच्या जिन्यात बसून मोबाइलवर बघितलं. सरकारनं त्या केसमध्ये म्हणलं होतं की ही शहरी, उच्चभ्रू लोकांची मागणी आहे. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी तेवढं खोडून काढलं, गावात शेतात राबणारी बाईही क्विअर असू शकते असं म्हणाले. मी ते भिशीत वाचून दाखवलं तेव्हा जतवाली एकदम म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. हक्क मिळाला नाही त्याचं दुःख आहेच, ते मी कमी करून सांगणार नाही, पण दिल्लीत एवढ्या मोठ्या खुर्चीतनं कुणीतरी तिचं नाव न घेता तिच्याबद्दल बोललं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मग केंद्रानं कळवलं की जोडीदारासोबत जॉइंट अकाउंट काढता येईल, नॉमिनी करता येईल, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेहही मागता येईल. नातेवाईक नसतील तर. काकी म्हणाल्या, पुतणे होते ना. आमच्यातल्या दोघींनी मात्र पुढच्याच आठवड्यात अकाउंट काढलं, पासबुक भिशीत फिरवलं, आम्ही प्रत्येकीनं ते उघडून दोन्ही नावं वाचली, पोर बघायला आल्यासारखी.

आता दुकानाची इमारत पाडणार आहेत. जुनी आहे, पुराचं पाणी भिंतीत मुरलंय, मालकानं दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. आमच्यात यंदा एक १९ वर्षांची पोरगी आलीय, कॉलेजची. तिची चिठ्ठी निघाली तर सरळ म्हणाली, मी आणि माझी गर्लफ्रेंड, आणि सुरूच झाली. जुन्या सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तिला ली आणि ले चं काही माहितीच नाही. तीच विचारत होती, जागा गेली तर काय झालं, कॅफेत बसू की. तिला कॅफेत बसता येईल, बसावं तिनं. जतवालीला नाही येणार. जिथं जतवाली येऊ शकत नाही तिथं भिशी होणार नाही, यावर माझं आणि काकींचं एकमत आहे.

म्हणून मागच्या महिन्यात भिशी माझ्या रूमवर घेतली, करून बघू म्हणून. मला टेन्शन चपलांचं होतं. ११ जोड जिन्यात दिसणार, खाली घरमालकीण राहते, सत्तरीची, एकटी, जिन्याचं दार उघडं टाकूनच बसते. मी चपला आत घ्यायला लागले तर काकी म्हणाल्या, राहू देत बाहेर. काकींनी पेपर पॅटर्नच्या खाकी कागदाच्या नव्या चिठ्ठ्या कापल्या, डबा तोच. निघताना सगळ्या एकदम उतरायला लागलो आणि घरमालकीण दारातच उभी. म्हणाली, कसली मीटिंग होती गं?

भिशी आहे, मी म्हणलं.

किती?

पाचशे.

ती थोडा वेळ आमच्याकडं बघत राहिली, एकेकीकडं, मग काकींच्या हातातल्या डब्याकडं. म्हणाली, बाराजणींची केली तर चालते का?

मी काकींकडं बघितलं. काकी तिच्या खांद्याकडं बघत होत्या, माप घेताना बघतात तसं.